मागच्या सीटवरचा डाग

मोटारीला जे काही लावायचं ते काकू आधी स्वतःला लावून बघायच्या. रिठ्याचं पाणी असो, जवसाचं तेल असो, नाहीतर अकोल्याहून आलेली पॉलिशची बाटली असो. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी पातळ असते तिथं एक थेंब चोळायचा आणि ओसरीवर हात पसरून बसायचं. त्या वेळात कुणी काही विचारलं तर उत्तर नाही, जेवायला हाक मारली तर उठणं नाही. हात लाल झाला की ती वस्तू न्हाणीतल्या मोरीत. नाही झाला तर मोटारीला.

"जे माह्या कातडीले सोसत नाई, ते तिच्या कातडीले कायले सोसंल?" असं म्हणायच्या. 'तिच्या' म्हणताना मोटारीकडे मान अशी वळवायच्या, की नव्या माणसानं तिथं कुणी लेकुरवाळी उभी आहे का म्हणून बघावं.

परवा माझी नात अंगणात मोटार धुवायच्या बाटल्या मांडून बसली होती. फेसाची वेगळी, चकाकीची वेगळी, चाकांची वेगळी, सीटची आणखी वेगळी. मला विचारते, आजी, यातली कुठली चांगली? मी म्हटलं, कोपराला लावून बघ. तिला वाटलं म्हातारी चळली. चळले नाही बाई. तुझी आई ज्या मोटारीत जन्मली ती मोटार कशी धुतली जायची ते मी बघितलं आहे, म्हणून सांगते.

मी तेव्हा नवी नवरी होते. आमचे हे मंगरूळपीरला शाळेत मास्तर होते आणि काकूंच्या घराच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. मी अमरावतीची, त्यात मॅट्रिक. गावात उतरले तेव्हा माझी अशी समजूत होती की इतके दिवस हे गाव माझीच वाट बघत थांबलं असणार. गावानं ती समजूत लवकर काढून टाकली, आणि त्यात काकूंचा हात सगळ्यात मोठा होता.

काकू विधवा, मूलबाळ नाही, कपाशीची जमीन बरीच. मोटार त्यांच्या मालकांनी जिनिंगच्या गोऱ्या मॅनेजरकडून घेतलेली. काळी, लांब नाकाची, पितळी कड्यांच्या दिव्यांची. मागची सीट मालकांनी हौसेनं नव्या कातड्याची करून घेतली होती, मधाच्या रंगाची. अंगणात गाईंच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली ती उभी असायची. दर गुरुवारी न्हाऊन निघायची.

त्या न्हाण्याचा थाट काय सांगू. पहिला प्रश्न पाण्याचा. घरच्या विहिरीचं पाणी जड होतं. तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारपर्यंत दाणे एकमेकांकडे बघत बसायचे. त्या पाण्यानं काळा रंग धुतला की वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात, हे काकूंना ठाऊक होतं. म्हणून मोटारीला पाणी यायचं माळ्याच्या मळ्यातल्या विहिरीचं, ज्यात डाळ बोट लावताच विरघळते. माळ्याची सून भाजीच्या पाटीबरोबर दोन घागरी घेऊन यायची. काकू तिला दर वेळी विचारायच्या, काल वरण कसं झालं? ती म्हणायची, गिरगुट झालं, दाणा सापडत नाई. मग घागर आत. एकदा ती म्हणाली, थोडं कच्चं राह्यलं, तर काकूंनी त्या गुरुवारी मोटार धुतलीच नाही. पाणी कशानं बिघडलं याची चौकशी करायला स्वतः मळ्यात गेल्या. जळण ओलं होतं, एवढंच निघालं.

मग फडकं. नवं फडकं मोटारीच्या जवळ येऊ द्यायच्या नाहीत, खळीनं ओरखडे पडतात म्हणून. जुनं सुती लुगडं हवं, तेही धुऊन धुऊन मेणासारखं झालेलं. ते पापणीवर फिरवून बघायच्या. डोळ्याला टोचलं नाही तरच पास. माझ्या माहेरच्या एका पातळावर त्यांचा डोळा आहे हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. "फाटलं का व ते?" असं आठवड्याला विचारायच्या, माझ्या अंगावर असतानाच.

काचांना गोवरीची राख, वस्त्रगाळ केलेली, पाण्यात कालवून. दिव्यांच्या पितळेला चिंच. सीटच्या कातड्याला जवसाचं तेल आणि मेण. हे ठरेपर्यंत मात्र काकूंनीही बरेच दिवे लावले होते. एकदा कातडं मऊ राहावं म्हणून त्यांनी सीटला दुधाची साय चोळली. साय कोपरानं पास केलेली होती. दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी मांजरं मागच्या सीटवर. काकू म्हणाल्या, मांजराले आवडलं म्हणजे वस्तू वाईट नसंल. चार दिवसांनी वास सुटला तेव्हा मोटारीची चारही दारं उघडी टाकून स्वतः तिच्याजवळ बसून राहिल्या, आजाऱ्याजवळ बसतात तशा. कुणी हसलं नाही. आमची हिंमत नव्हती.

आणि सगळ्यात कडक कायदा हळदीचा. मोटारीची पूजा करताना ओलं हळदीकुंकू थेट रंगावर लावायचं नाही. डाग बसतो. आधी आपट्याचं पान ठेवायचं, आणि जे काय वाहायचं ते पानावर. भटजींनासुद्धा त्यांनी हे ऐकवलं होतं.

असल्या बाईला शहाणं करायचं मी मनावर घेतलं, यावरून तेव्हाची माझी अक्कल कळावी. ह्यांना सांगून मी अकोल्याहून पॉलिशची बाटली मागवली. तिच्यावरचं इंग्रजी मी अंगणात उभी राहून मोठ्यानं वाचलं, निम्मे उच्चार चुकीचे आणि आवाज गव्हर्नरच्या बाईचा. काकूंनी थेंब कोपराला लावला. संध्याकाळी तिथं पैशाएवढा फोड. "भांडखोर हाय ही," म्हणून बाटली परत केली. मी म्हटलं, काकू, ही माणसांसाठी नाहीच मुळी, मोटारीसाठी आहे, त्यात सायन्स आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मागचा डावा मडगार्ड मला देऊन टाकला. लाव म्हणाल्या.

मी पदर खोचून तासभर घासला. आधी आरशासारखा झाला. माझ्या फडक्यावर काळं यायला लागलं तेव्हा मी म्हटलं, बघा केवढा मळ. तो मळ नव्हता, रंग होता. वाळल्यावर मडगार्ड राखेसारखा दिसायला लागला आणि पुढं कधीच काळा झाला नाही. काकूंनी त्याचं नाव 'मॅट्रिक' ठेवलं. "आज मॅट्रिकले थोडं तेल जास्त लाव," असं ड्रायव्हरला सांगायच्या, मी ऐकत असताना.

ड्रायव्हर म्हणजे चाचा. दर्ग्याजवळ राहायचे, मालकांच्या वेळेपासूनचे. काकूंना मोटारीत बसून कुठं जायची हौस नव्हती. कीर्तनाला पायी, बाजाराला पायी, बहिणीकडे कामरगावला बैलगाडीनं. मोटार निघायची ती फक्त एका कामाला. कुणी बाई अडली, सुईणीनं हात टेकले, की माणूस काकूंच्या दारात यायचा आणि चाचा हँडल फिरवायचे. मोटार तिला घेऊन वाशीमच्या दवाखान्यात. कुठल्या जातीची, कुठल्या आळीची, ते विचारायचं नाही. काकू शेजारी बसून जायच्या. सीटवर आधी मेणकापड, त्यावर गोधडी. परत आल्या की त्याच पावली धुणं.

मला वाटायचं, धर्म म्हणून करत असतील. चाचांनी एकदाच सांगितलं, तेही चाकाला वंगण भरता भरता, माझ्याकडे न बघता. मालक असताना काकू स्वतः अडल्या होत्या. सीटचं कातडं तेव्हा नुकतंच बसवलेलं. मालकांच्या धाकट्या भावानं म्हटलं, मोटारीत विटाळ नको, कातडं खराब होईल. मालक गप्प राहिले. "मोटर दरवाज्यात खडी होती, बाई. माह्याच हातात चाबी. अन् त्या बैलगाडीत गेल्या." पोहोचल्या तेव्हा पोटातलं गेलेलं होतं. पुन्हा राहिलं नाही.

हे धाकटे दीर आता अकोल्याला कापसाच्या व्यापारात होते. मालक गेल्यावर ते मोटार न्यायला आले. विधवा बाईला मोटार कशाला, गंजून जाईल, हे त्यांचं म्हणणं. काकूंनी गावातली चार मोठी माणसं बसवली आणि त्यांच्यासमोर तोडगा निघाला. मोटार काकूंकडे राहील, त्यांना न्यायच्या त्या बाळंतिणी न्याव्यात, पण दरसाल खंडेनवमीच्या पूजेला दीर येतील आणि मोटार बघतील. मागच्या सीटवर एक डाग दिसला, त्या दिवशी मोटार अकोल्याला. दिरांना वाटलं होतं, पहिल्याच वर्षी काम होईल.

मग ते येऊ लागले. पांढरंशुभ्र उपरणं घेऊन यायचे. मागचं दार उघडून ते उपरणं सीटवरून, शिवणीतून, कोपऱ्यांतून फिरवायचे आणि उजेडात धरून बघायचे. काकू पाठीमागं हात बांधून उभ्या. मी पहिल्या वर्षी हे बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. चाचांकडून कारण कळल्यावर नंतर कधी आलं नाही. कोपरावरचे फोड, डाळ, पापणी, मांजरं, सगळं त्या एका पांढऱ्या उपरण्यासाठी चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी नवरात्र आलं तेव्हा मला दिवस भरले होते. माहेरी जायचं ठरलेलं, पण अमरावतीला आई आजारी पडली आणि मी राहिले. माळ्याची सूनही गरोदर, तिला दिवाळी सांगितलेली. सुईणीनं तिचं पोट चाचपून म्हटलं होतं की पोर आडवं आहे. ती घागरी ठेवायला आली की मोटारीकडे बघायची, आणि काकूंना विचारायची, दिवाळीपस्तर राहील न व मोटार इथं? काकू म्हणायच्या, तू घागर ठेव. तेवढंच. पण त्या नवरात्रात त्या रोज सीट पुसत होत्या, गुरुवारची वाट न बघता. दीर या खेपेला मोटार घेऊनच जाणार, त्यांनी आपला ड्रायव्हरसुद्धा ठरवला आहे, असं कुणीतरी सांगून गेलं होतं.

आणि नेमकी अष्टमीला सकाळी मी अडले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

सुईण दुपारपर्यंत झटली आणि मग बाहेर जाऊन ओसरीवर गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं मला खिडकीतून दिसलं. काकू आत आल्या, मला काही न सांगता माझ्या काखेत हात घातला आणि उठवलं. चाचांनी हँडल फिरवलेलंच होतं. हे पुढं चाचांच्या शेजारी बसले, आणि का कुणास ठाऊक, छत्री घेऊन बसले.

वाशीमचा रस्ता तेव्हा मुरमाचा. पावसाळ्यात खचलेला, अजून कुणी हात न लावलेला. प्रत्येक खड्ड्याला मी काकूंचा हात दाबत होते आणि त्या माझ्याकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. सुईणीला जे सकाळपासून जमलं नाही ते त्या खड्ड्यांनी केलं. फार लांब गेलोच नव्हतो. एका नाल्याच्या अलीकडे मी ओरडले. चाचांनी बाभळीखाली मोटार उभी केली, उतरले आणि पाठ करून दूर जाऊन उभे राहिले. हेही उतरले. छत्री उघडली, आणि स्वतःच्याच डोक्यावर धरली.

माझ्या पायाखालचं मेणकापड सरकलं होतं. ते मला कळत होतं. जिवावर बेतलेलं असताना माणसाच्या डोक्यात काय यावं? माझ्या डोक्यात ते पांढरं उपरणं आलं. मी म्हटलं, काकू, सीट.

काकूंनी माझ्या गालावर चापट मारली. जोरात मारली. "सीट धुवाले मी हाय," म्हणाल्या. "तू तुह्यं काम कर."

मी केलं. मुलगी झाली. ती रडली तेव्हा चाचांनी तिकडूनच काहीतरी पुटपुटून हात चेहऱ्यावरून फिरवले. काकूंनी गोधडीत तिला गुंडाळलं, माझं सगळं नीट बघितलं, आणि म्हणाल्या, वाशीम लांब, घर जवळ, गाडी वळवा. घरी सुईणीनं नाळ कापली.

खाटेवर पडल्या पडल्या मला खिडकीतून मोटारीचं मागचं दार दिसत होतं. उन्हं उतरत होती. काकू आत वाकून घासत होत्या. गार पाणी, मग मीठ, मग रिठे, मग पुन्हा गार पाणी. गरम पाण्याला हात लावला नाही. ते कुठल्या बाईला सांगावं लागत नाही. मिठाचं पाणी मोटारीला आधी कधी लावलेलं नव्हतं, तर तशा घाईतही त्यांनी कोपराला लावून बघितलं. थांबून बघितलं. मी उशीत तोंड खुपसलं. हसू होतं की रडू, मला ठरवता येईना.

माळ्याची सून घागरी आणून देत होती. दिवेलागणीला काकू बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. माळ्याच्या सुनेनं आत डोकावून बघितलं.

"गेला का?" मी खिडकीतून विचारलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिवणीत राह्यला. बेलाच्या पानाएवढा."

काकू कोपर चोळत बसल्या होत्या.

सकाळी जागी झाले तर मला वाटलं, काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. मोटारीच्या मागच्या दाराच्या मुठीला कडुनिंबाचा टहाळा बांधलेला. खाली पायरीवर गोमूत्राची वाटी, त्यात दूर्वांची जुडी. बाजूला शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी जे जे ठेवतात ते सगळं मोटारीच्या दाराशी. आणि काचांना राख कालवून फासलेली, तशीच वाळू दिलेली. मोटारीच्या काचा न पुसता सोडलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या.

दीर आले. नवरात्राचे नऊ दिवस ते पायात वहाण घालत नसत. घरी घट बसलेले, अखंड दिवा, कडक उपास. मातीनं भरलेले पाय, आणि खांद्यावर ते उपरणं. त्यांच्यामागं एक खाकी टोपीचा माणूस होता, तो नवा ड्रायव्हर. चाचा गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. माळ्याची सून घागर कडेवर घेऊन दारातच थांबली होती, तिनं ती खाली ठेवली नव्हती.

"वहिनी, हे काय आहे?"

"बाळंतिणीची खोली."

"मोटारीत?"

"पोरगी जिथं झाली तिथंच खोली. मी का तिले म्हणलं होतं, इथंच हो म्हून?"

दिरांनी टहाळ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, माझ्या खिडकीकडे बघितलं. मी पोरीला छातीशी धरून डोळे मिटले, आणि मग पुन्हा उघडले, कारण मिटून काय उपयोग.

"म्हणजे डाग पडला असंल," ते म्हणाले.

"पडला असंल बी, नसंल बी." काकू दारापासून बाजूला झाल्या. "तुमचं काम हाय ते. उघडा, पाहून घ्या."

दिरांनी काचेतून आत बघायचा प्रयत्न केला. राखेतून काय दिसणार? मग त्यांनी हात पुढं केला. मुठीपर्यंत नेला. टहाळ्याची पानं त्यांच्या बोटांना लागतील एवढा. अंगणात शेगडीतला ओवा तडतडत होता. काकूंचे हात पाठीमागं, आणि मला खिडकीतून तेच दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलेलं की बोटं पांढरी पडली होती.

त्यांनी दार उघडलं असतं तर मोटार गेली असती. घट बसलेले असताना बाळंतिणीच्या विटाळाला शिवले असते तर नऊ दिवसांचे उपास वाया गेले असते. ते हिशेब करत होते आणि आम्ही त्यांचा हात बघत होतो.

हात मागं आला. कशालाही लागला नव्हता, तरी त्यांनी तो धोतराला पुसला.

"किती दिवस हे?"

"पाचवी तं होऊ द्या. सटवाई कपाळावर लिहाले येते, ते जन्माच्या जागी येते. मोटार अकोल्याले नेली तं तिनं का सर्व्हिस मोटारनं तिकडं जाव?"

खाकी टोपीवाला हसला आणि लगेच टोपी सारखी करायला लागला. दीर म्हणाले, पुढल्या खंडेनवमीला बघतो. पूजा लांबूनच केली, अक्षता फेकून. अक्षता मॅट्रिकवर पडल्या. ते दाराबाहेर गेले तेव्हा माळ्याच्या सुनेनं घागर खाली ठेवली, आणि काकू पहिल्यांदा खाली बसल्या. ज्या विटाळाचं नाव काढून त्यांना बैलगाडीत घातलं होतं, त्यालाच त्यांनी दारावर राखणीला उभं केलं होतं. पण हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की मॅट्रिकला हे सुचलं नसतं.

पाचवी खरोखरच मोटारीत झाली. बोललो ते करावं लागतं, काकू म्हणाल्या. मागच्या सीटवर पाटा, त्यावर हळदीकुंकू, आणि मास्तरांची पोर म्हणून एक पाटी आणि पेन्सिल. पाट्याखाली त्यांनी आधी दुहेरी मेणकापड घातलं. सटवाईच्या हातूनही काही सांडू शकतं.

दिवाळीत माळ्याची सून अडली. चाचा तिला घेऊन गेले, काकू शेजारी. वाशीमला पोट फाडून पोर काढावं लागलं, पण दोघं परत आली, मागच्या सीटवर.

पुढल्या खंडेनवमीपर्यंत काकूंनी त्या शिवणीत जवसाचं तेल मुरवलं. बेलाचं पान फिकं होत होत सावलीसारखं राहिलं. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसलं नसतं. दिरांना ठाऊक होतं.

ते आले, या वेळी त्यांनी थेट दार उघडलं. टहाळा नव्हता, काचा लख्ख होत्या. वाकून शिवण बोटानं फाकवली. उपरणं त्यांच्या खांद्यावरून खाली लोंबत होतं. तसेच वाकलेले ते आतूनच म्हणाले,

"वहिनी, हा डाग कसला?"

माझी पोर तेव्हा उभी राहायला शिकत होती. मिळेल ते धरून उठायची. काकूंनी तिला मोटारीजवळ सोडलं होतं, ते उगाच सोडलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. तिनं दिरांचं उपरणं धरलं, त्याला लोंबकळून उठली, आणि टोक तोंडात घातलं.

"तो?" काकू म्हणाल्या. "तो आता उभा राहून राह्यला, भाऊजी. तुमच्याच मागं हाय. धुऊन निघत असंल तं धुवा."

दीर वळले. पोरीनं वर बघितलं आणि त्यांच्याकडे बघून हसली, लाळेसकट. दिरांनी उपरणं सोडवून घेतलं नाही. ती चघळत होती तोवर ते उभे राहिले, एका पायावर भार देऊन, तोल जाऊन ती पडेल म्हणून. पुसून बघायला आता त्यांच्याजवळ पांढरं काही उरलं नव्हतं.

मग पोरीला त्यांनी एका हातानं उचललं आणि माझ्याकडे दिलं. मोटारीचं दार स्वतःच लावलं, हळू. तबकातली हळद बोटावर घेतली, ओलीच, आणि बोट मोटारीच्या नाकाकडे नेलं.

काकूंनी घाईघाईनं मधे आपट्याचं पान सरकवलं.

"पानावर, भाऊजी."

दिरांनी पानावर लावली.